प्रणाली ९९ टक्के अचूक असेल, तर पोलिसांच्या चेहरा-ओळखीवर आक्षेप कशासाठी?

जिज्ञासू:
चेहरा ओळखणाऱ्या प्रणाली पक्षपात करतात असे वारंवार वाचनात येते, पण यंत्राला ना वर्ण कळतो ना जात. उत्पादक ९९ टक्क्यांहून अधिक अचूकतेचा दावा करतात. मग पक्षपात शिरतो कुठून?

मंजिरी_व:
यंत्र ज्या छायाचित्रांवरून शिकते, त्यांत एका गटाचे चेहरे रग्गड आणि दुसऱ्याचे मोजकेच असले, की दुसऱ्या गटातील माणसांमधला फरक त्याला नीट टिपता येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०१९ मध्ये १८९ प्रणाली तपासल्या, तेव्हा एका छायाचित्राची दुसऱ्याशी ताडणी करताना आशियाई व कृष्णवर्णीय अमेरिकी चेहऱ्यांची चुकीची जुळणी गौरवर्णीयांच्या तुलनेत अनेक प्रणालींत दहा ते शंभर पटींनी अधिक आढळली.

आता त्या ९९ टक्क्यांविषयी. फोन उघडताना एकाच चेहऱ्याशी ताडणी होते; पोलीस मात्र एक चेहरा लाखोंच्या संग्रहात शोधतात. दर हजार चेहऱ्यांमागे एक चुकीची जुळणी धरली, तरी दहा लाखांच्या संग्रहातून सुमारे हजार निरपराध माणसे पुढे येतील.

निवृत्त_तपासी:
हे चित्र मला थोडे एकांगी वाटते. त्याच अहवालात मोठ्या संग्रहात शोध घेणाऱ्या काही प्रणालींमध्ये गटागटांतील फरक जवळजवळ आढळला नव्हता, हेही सांगायला हवे. शिवाय प्रणाली केवळ धागा देते. पुढची खातरजमा माणूसच करतो, आणि प्रत्यक्षदर्शी साक्षीदार किती चुकतात हे मी नोकरीत पुरेसे पाहिले आहे.

मंजिरी_व:
अहवालाबाबत आपले म्हणणे मान्य आहे. सगळ्या प्रणाली एका मापाने मोजणे चूकच. परंतु खातरजमा कशी होते, ते अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या प्रकरणात पाहा. घड्याळांच्या दुकानातील चोरीच्या धूसर चित्रफितीवरून प्रणालीने एका कृष्णवर्णीय गृहस्थाचे वाहन परवान्यावरील जुने छायाचित्र सुचवले. ते इतर पाच जणांच्या छायाचित्रांत मिसळून दुकानाच्या सुरक्षेशी संबंधित एका महिलेला दाखवण्यात आले, आणि तिने त्याच्यावर बोट ठेवले. तिने चोराला प्रत्यक्ष कधी पाहिलेच नव्हते. पाहिली होती ती तीच चित्रफीत! जानेवारी २०२० मध्ये पत्नी व दोन लहान मुलींसमोर त्या गृहस्थाच्या हातांत बेड्या पडल्या आणि सुमारे तीस तास त्याला कोठडीत काढावे लागले. चौकशीत त्याने चोराचे चित्र स्वतःच्या चेहऱ्याशेजारी धरून दाखवले, तेव्हा फरक उघड झाला.

यंत्र मुळात दिसायला सारखाच माणूस शोधून देते, त्यामुळे त्यानंतरची ओळखपरेड स्वतंत्र पुरावा उरत नाही. याच प्रकरणातील दाव्यात २०२४ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार डेट्रॉइटच्या पोलिसांना केवळ जुळणीवरून, किंवा जुळणीपाठोपाठ लगेच घेतलेल्या छायाचित्र-ओळखपरेडीवरून, अटक करता येत नाही.

जिज्ञासू:
म्हणजे प्रणाली अधिक अचूक झाली, की चुकून सापडणारा माणूस खऱ्या आरोपीसारखा अधिकच दिसणार आणि साक्षीदार अधिक खात्रीने फसणार. हा पैलू माझ्या ध्यानात आला नव्हता.