महागाईची मदत: पात्रतेची रेषा कुठे आखावी?

उत्तरायण (धागाकर्ता)

महागाईने मेटाकुटीस आलेल्या कुटुंबांना सरकारने थेट पैसे द्यावेत, याविषयी फारसे दुमत नसते. मतभेद होतात ते पात्रतेवरून. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाईचा वार्षिक दर ११.१ टक्क्यांवर गेला होता. तेथील सरकारने त्या वर्षी उत्पन्नाधारित भत्ते घेणाऱ्या कुटुंबांना दोन हप्त्यांत ६५० पौंड आणि पुढील आर्थिक वर्षात तीन हप्त्यांत ९०० पौंड दिले. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नव्हता. ठरावीक मुदतीत युनिव्हर्सल क्रेडिट (कामाच्या वयातील अल्प उत्पन्नाच्या लोकांचा मासिक भत्ता) किंवा पेन्शन क्रेडिट (अल्प उत्पन्नाच्या वृद्धांचा भत्ता) यांसारखा भत्ता मिळत असला, की रक्कम परस्पर खात्यात जमा होत असे.

माझा आक्षेप नेमका या अटीला आहे. त्या मुदतीत भत्त्याची एक पेनी जरी देय असली तरी पूर्ण हप्ता मिळे, आणि कमाईमुळे भत्ता शून्यावर आला तर काहीच मिळत नसे. दर चार आठवड्यांनी पगार घेणाऱ्या कामगाराचे उदाहरण घ्या. त्याचा आढावा-महिना, म्हणजे ज्यातील कमाई पाहून युनिव्हर्सल क्रेडिट ठरते तो महिना, १ ते ३१ जानेवारी २०२३ असेल आणि पगार ३ व ३१ जानेवारीला झाला असेल, तर एकाच महिन्यात दोन पगार मोजले जातात आणि भत्ता शून्य होऊ शकतो. ९०० पौंडांपैकी ३०१ पौंडांच्या हप्त्यासाठी २६ जानेवारी ते २५ फेब्रुवारी या काळात संपणारा आढावा-महिनाच पाहिला जाणार होता. म्हणजे ज्याच्या वार्षिक कमाईत एका पेनीचाही फरक पडला नाही, तो माणूस केवळ पगाराच्या तारखेमुळे अपात्र ठरला. याला गरजेची मोजणी कसे म्हणावे?

अमेरिकेने २०२० मध्ये १,२०० डॉलर देताना, एकट्या व्यक्तीच्या बाबतीत, ७५,००० डॉलर वार्षिक उत्पन्नापुढच्या प्रत्येक १०० डॉलरमागे ५ डॉलर कमी केले. ती मदत महासाथीच्या काळातली असली तरी पद्धत घेण्याजोगी आहे, कारण तीत उतार आहे, कडा नाही.

अनुस्वार

आपले उदाहरण बिनतोड आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. ब्रिटनने ६५० पौंडांची घोषणा २६ मे २०२२ रोजी केली आणि १४ जुलैपासून पहिला हप्ता खात्यांत जमा होऊ लागला. इतक्या कमी अवधीत हे साधले, कारण नावे, खाते क्रमांक आणि पात्रतेची तपासणी सरकारकडे आधीच होती. उतार आखायचा तर प्रत्येकाचे चालू उत्पन्न ठाऊक हवे. अमेरिकेने तरी काय केले? २०१८ किंवा २०१९ च्या विवरणपत्रांवरून रक्कम ठरवली. त्यामुळे २०२० मध्ये नोकरी गमावलेल्या चांगल्या पगारदाराला त्या घडीला हातात काही आले नाही.

सरसकट वाटपाचा मार्गही सुचवला जातो, म्हणून आताच सांगतो. २०२२-२३ च्या हिवाळ्यात ब्रिटनने वीजबिलापोटी प्रत्येक घराला ४०० पौंडांची सवलत दिली. ती घरगुती वीजजोडणीगणिक असल्याने ज्यांचे दुसरे घर होते त्यांना ती दोनदा मिळाली. हा पैसा गरजूंच्या वाट्यातूनच गेला, असे मी मानतो.

रेवा

आपण दोघेही भत्ता घेणाऱ्यांमध्येच रेषा कुठे असावी यावर बोलत आहात. जे हक्क असूनही भत्ता घेतच नाहीत, त्यांचे काय? पेन्शन क्रेडिटला पात्र असलेल्या वृद्धांपैकी जवळपास एक तृतीयांश लोक ते मागत नाहीत, असा ब्रिटिश सरकारचाच अंदाज राहिला आहे. कोणाला त्याची माहिती नसते, कोणाला लांबलचक अर्ज पेलवत नाही, आणि कित्येकांना आयुष्यभर राबल्यानंतर सरकारपुढे हात पसरणे कमीपणाचे वाटते. अशा वृद्धाचा पेन्शन क्रेडिट बुडाला, तसेच त्यावर अवलंबून असलेले ६५० आणि ९०० पौंडही बुडाले. दावा तीन महिने मागच्या तारखेपासून मान्य होत असे हे खरे, पण ते ज्याला कळले त्यालाच उपयोगी.

हीच चूक २०२४ मध्ये पुन्हा झाली. इंग्लंड व वेल्समध्ये हिवाळ्यातील इंधन-सहाय्य प्रामुख्याने पेन्शन क्रेडिटधारकांपुरते मर्यादित केले गेले, त्यावर मोठा रोष उसळला आणि जून २०२५ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. आता ते सर्व निवृत्तांना दिले जाते आणि वार्षिक उत्पन्न ३५,००० पौंडांहून अधिक असणाऱ्यांकडून करामार्फत परत घेतले जाते. आधी द्यावे आणि सधनांकडून नंतर घ्यावे, हा मार्ग मला सर्वांत माणुसकीचा वाटतो.

पाणवठा

एक छोटी भर. ब्रिटनने अपंगत्व-भत्ता घेणाऱ्यांना उत्पन्न न पाहता १५० पौंड वेगळे दिले. श्वसनयंत्र चालवावे लागणाऱ्या घराचे वीजबिल कमाईवर ठरत नाही, त्यामुळे पात्रता ठरवताना उत्पन्नाबरोबर खर्चही पाहिला पाहिजे.

उत्तरायण

अनुस्वार, घाईचा युक्तिवाद पहिल्या हप्त्यापुरता मी मान्य करतो. परंतु शेवटचा, २९९ पौंडांचा हप्ता फेब्रुवारी २०२४ मध्ये गेला. इतका वेळ हाताशी असताना एका आढावा-महिन्याऐवजी सलग तीन महिने पाहून, त्यांपैकी एकात भत्ता मिळाला असला तरी पात्र धरावे, एवढा बदल करणे अवघड नव्हते. त्यासाठी नवी माहिती गोळा करण्याचीही गरज नव्हती.

अनुस्वार

तीन महिन्यांची सूचना मला पटते. तिच्यामुळे नुकतीच चांगली नोकरी लागलेले काही जण आत येतील, तेवढा खर्च सोसावा. रेवाताईंच्या वसुलीच्या मार्गाला मात्र माझा विरोध कायम आहे. ब्रिटनमध्ये २००३ पासून टॅक्स क्रेडिट (कर खात्यामार्फत मिळणारे उत्पन्नाधारित सहाय्य) देताना वर्षअखेरीस हिशेब जुळवला जाई, आणि जादा गेलेली रक्कम अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांकडून पुढे वर्षानुवर्षे कापली गेली. खर्च होऊन गेलेला पैसा परत मागितला की तेच कुटुंब कर्जात ढकलले जाते.

रेवा

ती वसुली काठावरच्या कुटुंबांकडून झाली, म्हणूनच ती अन्यायकारक होती. मी म्हणते ती रेषा ३५,००० पौंडांची आहे, भत्त्याच्या मर्यादेहून कितीतरी वरची. तिच्याखालच्या कोणाकडूनही एक पेनी परत मागायची नाही, आणि तिच्यावरच्यांचे उत्पन्न कर खात्याला आधीच माहीत असते.