‘प्रभूने सांभाळलं’ म्हणजे नेमकं काय केलं?

प्रश्न

ख्रिस्ती प्रार्थनासभेत साक्षी (देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगणं) सुरू झाल्या की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘प्रभूने सांभाळलं.’ परवा एका बाईंनी हेच म्हटलं. नवरा कित्येक महिने अंथरुणाला खिळलेला, औषधं चालू, रात्रीची जागरणं चालू, पुढे काय ते डॉक्टरही सांगत नाहीत. मग सांभाळलं ते काय? ‘वाचवलं’, ‘मदत केली’, ‘देव पावला’ यांहून इथे वेगळा अर्थ आहे, की ही नुसती बोलायची सवय? आणि जाता जाता, ‘साहाय्य’ बरोबर की ‘सहाय्य’?

प्रतिसाद

सवय आहेच, नाकारत नाही. पण शब्द पोकळ नाही. ‘मूल वाचवलं’ म्हटलं की आग, पाणी असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. ‘मूल सांभाळलं’ म्हटलं की दिसते ती अख्खी दुपार: रडणं, भरवणं, मागे धावणं, आणि सांगण्यासारखं काहीच घडलेलं नसणं. वाचवण्याला क्षण पुरतो, सांभाळायला वेळ द्यावा लागतो.

आता ‘देव पावला’ घ्या. ‘देव पावला, पण आजार तसाच आहे’ हे मराठी वाक्यच होत नाही. पावणं हे फळ हाती आल्यावरच म्हणायचं. (शिवाय त्याला नवसाचा वास आहे, म्हणून ख्रिस्ती बोलण्यात तो शब्द जरा बिचकतच येत असावा.) याउलट ‘प्रभूने सांभाळलं, आजार मात्र तसाच आहे’ हे वाक्य बिनदिक्कत होतं. त्या बाईंनी शब्द अचूक निवडला, असं माझं मत.

बायबलमधलं स्तोत्र १२१ पाहा. आठच ओव्या, आणि राखणे-सांभाळणे या अर्थाचा ‘शामार’ हा हिब्रू धातू त्यांत सहा वेळा येतो. हा राखणारा डुलकी घेत नाही, झोपत नाही. रात्री उशाशी बसून राहणाऱ्या माणसाला याचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही.

दुसरा प्रतिसाद

त्याच स्तोत्राच्या सातव्या ओवीत सर्व अनिष्टापासून रक्षण करील असंही म्हटलंय. ते सोयीस्करपणे गाळू नका. सांभाळणं म्हणजे फक्त सोबत, असा अर्थ काढला तर शब्द पातळ होतो. लोक सुटकाही मागतात, आणि मागावीच.

पहिल्या प्रतिसादकाकडून

मान्य. फक्त ते स्तोत्र १२० ते १३४ या आरोहणस्तोत्रांपैकी आहे, म्हणजे वाट चालणाऱ्यांचं गाणं. जाणं-येणं राखील असं त्यात आहे, वाट आखूड करील असं नाही.

‘साहाय्य’चं उत्तर राहिलं. संस्कृतात ‘सहाय’ म्हणजे सह + अय, बरोबर जाणारा, सोबती. त्यावरून भाववाचक नाम ‘साहाय्य’. म्हणून ‘सहायक’ आणि ‘साहाय्य’ ही रूपं व्युत्पत्तीला धरून आहेत, ‘सहाय्य’ नाही, कितीही छापलं जात असलं तरी.

शमुवेल संदेष्ट्याने दगड उभा करून त्याला एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा दगड, असं नाव दिलं, ते १ शमुवेल ७:१२ मध्ये. त्या वचनातला ‘येथवर’ हा शब्द मला फार आवडतो. येथवर साहाय्य केलं, पुढचं अजून बाकी आहे. आणि हेच नाव त्याच पुस्तकात चौथ्या अध्यायात आधी येऊन गेलंय: तिथे तळ दिलेल्या इस्राएलाचा सपशेल पराभव झाला आणि कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, शत्रूच्या हाती गेला.

प्रश्नकर्तीकडून

मग चालू संकटात ते ओळखायचं कसं? मला तर त्या वेळी काहीच जाणवत नाही.

तिसरा प्रतिसाद

क्रियापदाचा काळ बघा ना. ‘सांभाळलं’, भूतकाळ. इस्राएलाचा पूर्वज याकोब, त्याला झोपेतून जाग आल्यावर कळलं की परमेश्वर या ठिकाणी आहे आणि आपल्याला ठाऊकच नव्हतं. अम्माऊस गावाच्या वाटेवर पुनरुत्थित येशूबरोबर चालणाऱ्या दोघा शिष्यांनी त्याला ओळखलं ते भाकर मोडताना. वाटेत अंतःकरण पेटलं होतं हे त्यांना नंतर आठवलं. ऐन वेळी तोंडून निघतं ते ‘कुठे आहेस?’ स्तोत्र १३ च्या पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर’ असा प्रश्न चार वेळा आहे, आणि तो शास्त्रातून कुणी खोडलेला नाही.

एलीया संदेष्ट्याचंही तसंच. झुडपाखाली बसून तो मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावरची भाकर, पाण्याची सुरई, ‘ऊठ, खा’, मग परत झोप, मग पुन्हा तेच. शेजारची बाई ‘मी बसते दोन तास, तू पड जरा’ म्हणते तेव्हा त्यालाही सांभाळच म्हणावं. असल्या गोष्टी साक्षीत सहसा येत नाहीत, कारण त्या सांगताना फार किरकोळ वाटतात.

‘कैवारी’ हा शब्दही लक्षात घ्या. योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी चार वेळा येतो, मूळ ग्रीक अर्थ ‘शेजारी बोलावलेला’. पण मराठीत कैवार घ्यायला समोर कुणीतरी विरोधात असावं लागतं. आजाऱ्यावर दिवसा खेकसल्याबद्दल रात्री स्वतःचंच मन आरोप करू लागतं, तिथे ‘कैवारी’ चपखल बसतो. उधारी, वीजबिल, चुकलेली गाडी यांना तो लावू नये.

दुसऱ्या प्रतिसादकाकडून

एक पथ्य सुचवतो. ‘मला सांभाळलं’ ठीक, ‘तुला सांभाळलं बघ’ जपून. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर चांगले होते. तोंड उघडलं आणि बिघडलं.

आणि ‘सांभाळ’ व ‘सांभाळून घे’ यांची गल्लत नको. ‘प्रभू, सांभाळ’ ही संकटातली हाक. ‘प्रभू, सांभाळून घे’ म्हटलं की आपल्या उणिवांकडे कानाडोळा कर, असा अर्थ होतो. प्रार्थनेत दोन्ही चालतात, पण कोणती मागायचीय ते बोलणाऱ्याला ठाऊक हवं.