मदत हवी आहे: कॉलेजच्या ग्रंथालयासाठी सेवेची मानकं कशी ठरवायची?

पानखूण

नमस्कार मंडळी. मी एका अनुदानित कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. गाव तालुक्याचं, मुलं बहुतेक एसटीने येणारी. नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) पुढच्या फेरीची तयारी सुरू झाली आहे आणि आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या) बैठकीत प्राचार्यांनी माझ्याकडे 'ग्रंथालयाची सेवा मानकं' मागितली. पानभर लिहून द्या, फ्रेम करून दाराशी लावू, म्हणाले. पानभर मजकूर काय, तासाभरात होईल: तत्पर सेवा, विनम्र कर्मचारी, समृद्ध ग्रंथसंग्रह. पण त्यानं देवघेवीच्या काउंटरवर काडीचाही फरक पडणार नाही, आणि मला तिथंच फरक पाडायचा आहे.

आमच्याकडे मुक्तद्वार नाही. मुलं चिठ्ठी लिहून देतात, परिचर आत जाऊन पुस्तक आणतो. परिचरांची पदं दोन, त्यातलं एक निवृत्तीनंतर भरलेलंच नाही. सकाळची विज्ञानाची मुलं सुटतात आणि कलेची येतात, त्या मधल्या वेळात काउंटरवर झुंबड उडते. बाकी दिवसभर तसं निवांत. कोहा (ग्रंथालयाची संगणक प्रणाली) आहे, बारकोड आहेत, पण ओपॅकचा (पुस्तकं शोधायच्या यादीचा) संगणक बघायला कोणी फिरकत नाही. "मॅडम, ते निळ्या कव्हरचं अर्थशास्त्र द्या ना," असाच शोध चालतो. आणि खरं सांगायचं तर ओपॅकवर 'उपलब्ध' दिसणारं पुस्तक फळीवर नाही, असंही वरचेवर होतं. २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरणाचे विषय आले, त्यांची मराठीतली पुस्तकं आधीच कमी. त्यामुळे "नाही मिळालं" हे वाक्य फार वाढलं आहे.

आकडे विचाराल तर कागदावर छान आहेत. दारातल्या नोंदवहीत रोज पानं भरतात. पण त्यातली निम्मी तरी स्पर्धा परीक्षेची मुलं असतात: स्वतःची पुस्तकं घेऊन सकाळी जागा धरायची, संध्याकाळी उठायचं. आमच्या संग्रहाशी त्यांचा संबंध वर्तमानपत्रापुरता. त्यांना हुसकावून लावायचं माझ्या मनात अजिबात नाही (घरी अभ्यासाला जागा नसते, हे मला ठाऊक आहे), पण 'इतके वाचक आले' याचा अर्थ सेवा चांगली आहे, असा कसा काढायचा?

अभिप्राय अर्जाची तऱ्हा आणखी वेगळी. तो आम्ही भरून घेतो ना-देय दाखल्याच्या (ग्रंथालयाचं काही देणं बाकी नाही, अशा दाखल्याच्या) वेळी. दाखल्यावर माझी सही व्हायची असते आणि समोर अर्ज असतो. सगळे 'उत्तम'वर टिक करून मोकळे होतात.

तर विचारायचं हे की मानक म्हणजे नेमकं काय लिहावं? मिनिटं, दिवस असे आकडे द्यावेत का? दिले आणि पाळता आले नाहीत तर नॅकच्या तपासणीत तोंडघशी पडायचं का? आणि हाताशी एकच परिचर असताना मोजणार कोण? अनुभवी लोकांनी सांगावं. लिंबूटिंबू वाचकांचंही ऐकायचं आहे.

तांबडी_शाई

पानखूण, विद्यापीठाच्या ग्रंथालयात बरीच वर्षं काढून आता निवृत्त झालोय, म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. तुमच्या हातात काय आहे आणि काय नाही? नवीन पुस्तक 'मागणीपासून अमुक दिवसांत देऊ' असं चुकूनही लिहू नका. त्यात खरेदी समिती आहे, दरपत्रकं आहेत, लेखा विभाग आहे, विक्रेता आहे. मात्र पुस्तक बिलासकट तुमच्या टेबलावर आलं की पुढचं सगळं तुमचं: दाखल नोंद, वर्गीकरण, तालिका, बारकोड, कण्यावरचं लेबल, फळी. तेवढ्याच टप्प्याचं मानक लिहा. अनेक कॉलेजांत पुस्तकं आल्यावरही कपाटात तशीच पडून असतात आणि दोष जातो खरेदीला.

दुसरं, सरासरी वापरू नका, मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) वापरा. दहापैकी नऊ पुस्तकं २ दिवसांत फळीवर गेली आणि एक ६२ दिवस अडकलं, तर सरासरी येते ८ दिवस. ना त्या नऊंचं खरं कळतं, ना त्या एकाचं. ग्रंथालयांच्या कामगिरीसाठी आयएसओ ११६२० नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यातही असे वेळ मध्यकानेच मोजतात. त्यातला एक निर्देशक तर तुमच्यासाठीच लिहिल्यासारखा आहे: बंदिस्त संग्रहातून पुस्तक काढून द्यायला लागणारा मध्यक वेळ. वर्षभर मोजायची गरज नाही. गर्दीचा एक आठवडा आणि रिकामा एक आठवडा निवडा. चिठ्ठी हातात घेताना कोपऱ्यात वेळ लिहायची, पुस्तक देताना पुन्हा लिहायची. पुस्तक मिळालं नाही तर कारण: बाहेर गेलंय, संग्रहात नाही, की फळीवर सापडलं नाही. ही तीन कारणं वेगळी केलीत की अर्धं निदान तिथंच होतं, कारण तिन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत. पहिल्याला जादा प्रती, दुसऱ्याला खरेदी आणि तिसऱ्याला फळ्यांची आवराआवर.

तिसऱ्यासाठी एक साधी चाचणी आहे. कोहातून 'उपलब्ध' दिसणाऱ्या शंभर प्रती कशाही निवडा आणि यादी घेऊन फळ्यांपाशी जा. किती जागेवर सापडल्या? तो आकडा पहिल्यांदा पाहिला की झोप उडते. पण मग दुपारच्या निवांत वेळात रोज दोन रॅकचं शेल्फ-रीडिंग (पुस्तकं क्रमाने जागेवर आहेत का ते बघणं) लावता येतं, आणि त्याला जादा माणूस लागत नाही. माझ्या मते तुमचं पहिलं मानक हेच असावं. काउंटरवरचा वेळ त्याच्या मागोमाग आपोआप उतरतो, कारण परिचराची निम्मी पायपीट चुकीच्या जागी लावलेल्या पुस्तकापायी असते.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रं दिली, त्यातलं चौथं 'वाचकाचा वेळ वाचवा'. ते भिंतीवर सगळेच लावतात, घड्याळ लावून बघणारे फार थोडे.

जीआर_वाचक

ग्रंथालयशास्त्रातलं मला शष्प कळत नाही, सरकारी कचेरीतला माणूस आहे. पण फ्रेमचा विषय निघालाय म्हणून सांगतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली कार्यालयात जो फलक लागतो त्याचे रकाने बघा: सेवा कोणती, किती दिवसांत, देणारा अधिकारी कोण, आणि नाही मिळाली तर अपील कोणाकडे. तुमच्या कॉलेजला तो कायदा चिकटवत नाहीये, फक्त रकाने उचला. शेवटचा रकाना नसेल तर तो फलक शोभेचा. 'मागितलेलं पुस्तक बाहेर असेल तर नाव राखून ठेवू आणि परत आल्यावर एसएमएस करू. नाही केला तर ग्रंथपालांना भेटा', इतकं साधं चालेल. तोंडघशी पडण्याची भीती त्यानेच कमी होते, कारण चुकलं तर काय करणार हे आधीच लिहिलेलं असतं.

खिडकीजवळची_जागा

मी विद्यार्थिनी, एम.ए. दुसरं वर्ष. खरं सांगू? दहा मिनिटं थांबायला माझी हरकत नसते. पुस्तक नाहीये हे दहा मिनिटांनी कळतं, त्याचा राग येतो. आणि चिठ्ठीवर दाखल क्रमांक लिहायला सांगतात, तो ओपॅकवर कसा बघायचा ते कोणी दाखवलेलं नसतं. बाकी प्लगपॉइंट आणि पंखा!

पानखूण

@खिडकीजवळची_जागा, हे आमच्या अर्जात कधीच आलं नसतं. ओपॅकचा संगणक काउंटरच्या अलीकडे आणून ठेवते, रांगेतल्या मुलाला आधी तिथंच कळेल.

@तांबडी_शाई, शंभर प्रतींची चाचणी सुट्टी लागायच्या आत करते. पण अभिप्रायाचं काय करू? अर्ज बदलायचा तर नमुना कुठला घ्यावा?

तांबडी_शाई

सही आणि अर्ज यांची फारकत करा, हे सर्वात आधी. नाव नको, ना-देय दाखल्याशी संबंध नको, सत्राच्या मध्यावर घ्या, आणि जमल्यास वर्गात दुसऱ्या कोणाकडून. जी मुलं ग्रंथालयात येतच नाहीत तीही मग सापडतील.

नमुन्यासाठी लिबक्वाल ही ग्रंथालयसेवा मोजायची प्रश्नावली बघा. १९८८ साली परशुरामन, झाइथमल आणि बेरी यांनी सेवा मोजायला सर्व्हक्वाल बनवलं. त्यावरून अमेरिकेतल्या संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेनं आणि टेक्सस ए अँड एम विद्यापीठानं लिबक्वाल उभं केलं. मूळ २२ प्रश्न, तीन गटांत: माणसांची वागणूक, माहिती स्वतः शोधता येणं, आणि जागा. खुबी अशी की प्रत्येक प्रश्नाला १ ते ९ मध्ये तीन गुण द्यायचे: कमीत कमी इतकं तरी हवं, आदर्श म्हणून इतकं हवं, आणि प्रत्यक्षात इतकं मिळतं. 'उत्तम'ची टिक तिथं चालत नाही. मिळतं ते किमानच्याही खाली असेल तर ती जागा आधी दुरुस्त करायची. किमान आणि आदर्श यांच्या मध्ये असेल तर सध्या हात लावायचा नाही. एकाच परिचरावर चाललेल्या ग्रंथालयाला हे फार मोलाचं आहे, कारण सगळंच सुधारायला जाल तर काहीच होणार नाही. मात्र २२ गुणिले ३ म्हणजे ६६ खुणा, आपली मुलं कंटाळतील. त्यांचंच हलकं रूपही आहे, त्यात प्रत्येकाला काही निवडक प्रश्नच येतात. तुम्ही सात-आठ प्रश्न मराठीत करा, भाषा मात्र 'निळ्या कव्हरचं अर्थशास्त्र' विचारणाऱ्याला कळेल अशी हवी.

स्पर्धा परीक्षेच्या मुलांची नोंद वेगळ्या रंगाच्या वहीत घ्या. वाचनकक्षाची सेवा म्हणून तो आकडा मानानं दाखवा, पण देवघेवीत मिसळू नका. आणि परीक्षेच्या महिन्यात नियमित विद्यार्थ्यांसाठी काही टेबलं राखीव ठेवा, भांडणं टळतील.

पानखूण

मनापासून आभार. तूर्त तीनच मानकं लिहितेय: फळीवर पुस्तक जागेवर असणं, चिठ्ठीपासून पुस्तकापर्यंतचा वेळ, आणि आलेलं पुस्तक फळीवर जाण्याचे दिवस. पहिल्या मोजणीआधी आकड्याचा रकाना रिकामाच ठेवणार, प्राचार्यांना तसं सांगितलंय. ते जरा नाराज दिसले. मराठीतले प्रश्न तयार झाले की इथेच टाकते, चिरफाड करा. कोणी कोहामधून राखीव पुस्तकाचा एसएमएस मराठीत पाठवत असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आमच्याकडे अक्षरांऐवजी चौकोन येताहेत.