बुजरेपणा, एकांत आणि एकटेपणा : आपले अनुभव लिहावेत

परवा तान्ह्या पोळ्याला नात लाकडी बैल घेऊन शेजारच्या दारापर्यंत गेली आणि बोजारा (मुलांना दारोदार मिळणारा खाऊ-पैसे) घ्यायची वेळ येताच माझ्या पदराआड लपली, तेव्हा साठ वर्षांपूर्वीची, नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीत बैलाची दोरी घट्ट धरून उभी असलेली मी मला आठवले. आत जायची इच्छा पुष्कळ असे, पण पाऊल उचलत नसे. घरचे मला माणूसघाणी म्हणत. तो शब्द अजून बोचतो, कारण मला माणसे हवीच होती.

प्रतिसाद : ताई, मी बालवाडीत शिकवते. जेरोम केगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांना ४ महिन्यांच्या बाळांपैकी सुमारे २० टक्के बाळे नवे आवाज, नव्या वस्तू यांनी हातपाय झाडून रडणारी आढळली होती. त्यांतली बरीच पुढे बुजरी झाली, पण सगळी नाही. म्हणून नव्या मुलाला मी लगेच गाणे म्हणायला उभे करत नाही. दाराशी बसून बघणे हेही त्याचे सामील होणेच असते.

प्रतिसाद : काटोलकडच्या खेड्यातून मी नागपुरात शिकायला आलो, तेव्हा आपल्या बोलीला मुले हसतील या भीतीने दोन वर्षे वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. संध्याकाळी अंबाझरी तलावाकाठी एकटाच बसत असे आणि कोणीतरी हाक मारावी असे सारखे वाटे. आज ५२व्या वर्षी तिथेच पहाटे एकटा चालतो आणि सोबत कोणी नसले तरच बरे वाटते. जागा तीच, पण तेव्हाचा एकटेपणा होता, हा एकांत आहे.

प्रतिसाद : काका, हे वाचून धीर आला. फोन वाजला की माझ्या छातीत अजूनही धडधडते.

प्रतिसाद : पत्नी गेल्यापासून मी एकटा राहतो. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकांनी १९५८ मध्ये मांडले होते की एकटे राहण्याची क्षमता मूल आईच्या सान्निध्यातच मिळवते. आई अंगणात पापड वाळत घाली आणि मी शेजारी चिंचोके मांडून तासन्‌तास न बोलता खेळे, ते आता आठवते. दुपार निभते, दिवेलागणीची वेळ मात्र कठीण जाते.

धागाकर्ती : भाऊ, दिवेलागणीला शेजारी कोणाच्या तरी ओसरीवर जात जावे, बोलले नाही तरी चालते. बालवाडीच्या बाई, आपले म्हणणे पटले. उद्या नातीला घेऊन पुन्हा त्याच दारी जाईन. ती आत गेली नाही, तर आम्ही दोघी पायरीवर बसू.