ज्वारी टिकते अन् सोयाबीन मान का टाकतं

या प्रश्नावर एकानं लिहिलंय की झाड कार्बन डायऑक्साइड फोडून ऑक्सिजन सोडतं, तर तसं नाहीये, तो ऑक्सिजन पाण्यातून येतो, रुबेन आन कामेन या शास्त्रज्ञांनी 1941 लाच दाखवलंय ते. हवेतला कार्बन साखरेत जातो.

आता मूळ प्रश्न, पावसाचा खंड पडला की सोयाबीन मान टाकतं अन् बांधापलीकडची ज्वारी उभी कशी. आमच्याकडं परभणीला दर दोन-तीन वर्षाला बघतो हे. पानाला, जास्त करून खालून, बारीक छिद्रं असतात, हवा आत यायची तीच वाट अन् पाणी उडायची पण तीच. कडक उन्हात झाड ती मिटून घेतं, मग आत कार्बन कमी पडतो आणि रुबिस्को नावाचं जे कार्बन पकडणारं एन्झाइम आहे ते चुकून ऑक्सिजनच धरून बसतं, केलेली मेहनत वाया. सोयाबीन, तूर, कापूस सगळ्यांचं हेच रडगाणं. ज्वारी, बाजरी, मका लई हुशार, आधी दुसरंच एन्झाइम कार्बन पकडतं आणि शिरांभोवतीच्या पेशीत नेऊन कोंडतं, तिथं रुबिस्कोला कार्बन कमी पडत नाही, म्हणून छिद्रं थोडी उघडी असली तरी भागतं. (ऊसही त्याच जातकुळीतला, पण तो वर्षभर रानात उभा, त्याच्या तहानेचं बोलायलाच नको.)

शिवाय ज्वारीच्या धाटावर बोट फिरवून बघा, पांढरी भुकटी लागते, ते मेण आहे, पाणी धरून ठेवायला.