२१४७४८३६४७ मूळ संख्या आहे हे कंप्युटर नसताना कसं काढलं असेल?

घणसोली_क्लास:
मी घणसोलीत आठवी-नववीच्या मुलांचे गणिताचे क्लास घेते. एकजण जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतोय, त्याला दिसलं की त्यातल्या इंट या पूर्णांकांच्या प्रकारात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ बसते, आणखी १ मिळवला की संख्या थेट मायनसमध्ये. मी बोलता बोलता सांगितलं की ही मूळ संख्या आहे, गणिती ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं, तर आता सगळे मागे लागलेत की मॅडम कसं दाखवलं? भागून बघायचं तर वर्गमुळापर्यंत जावं लागणार, ते ४६३४० च्या आसपास, तिथपर्यंतच्या मूळ संख्याच ४७०० च्या वर आहेत, आणि त्या माणसाला तेव्हा जवळपास दिसतही नव्हतं. काहीतरी युक्ती असणारच ना?

ठाणे_वाशी_लोकल:
आहे, आणि फार सुंदर आहे. ही संख्या म्हणजे २^३१ − १ (२ चा ३१ वा घात, वजा १). समजा तिला क या मूळ संख्येने भाग जातो, मग २^३१ ला क ने भागून बाकी १ उरते. फर्माच्या छोट्या प्रमेयाने २^(क−१) ला भागूनही बाकी १ च. ३१ स्वतः मूळ आहे, म्हणून क−१ ला ३१ ने भाग जायलाच लागतो, आणि क विषम म्हणून २ नेही. म्हणजे क ही ६२ च्या पटीपेक्षा १ ने जास्त, इतर सगळ्या संख्या रद्द! वर अजून एक अट निघते, क ला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ च हवी. दोन्ही लावल्या की तपासायला पावणेचारशेसुद्धा उमेदवार राहत नाहीत. ६३ मूळ नाही, २४९ ला ३ ने भाग जातो, म्हणजे पहिला खरा उमेदवार ३११. भागून बघा, बाकी ३५ येते. असंच पुढे जायचं, चिकाटी पाहिजे पण होण्यासारखं आहे.

नेरूळकर७:
म्हणजे घात मूळ असला की २^घात − १ पण मूळ, असंच ना?

ठाणे_वाशी_लोकल:
नाही हो, इथेच बरेच जण फसतात. ११ मूळ आहे पण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. आणि बघा, २३ आणि ८९ दोन्ही २२ च्या पटीपेक्षा १ ने जास्त, तोच नियम. घात मूळ असावाच लागतो पण तेवढं पुरत नाही.

कळवा_गणित:
आता तर एवढे भागाकार करत बसत नाहीत, अशा संख्यांना लुकास-लेहमर चाचणी लावतात. ४ पासून सुरू, वर्ग करायचा, २ वजा करायचे, तपासायच्या संख्येने भागून बाकी घ्यायची. ३१ साठी (म्हणजे २^५ − १) ४, १४, १९४ ची बाकी ८, मग ६२ ची बाकी ०, झालं, ३१ मूळ. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली २^१३६२७९८४१ − १ ही या चाचणीतून पक्की झाली, ४ कोटी १० लाखांहून जास्त अंकी आहे. मुलांना आकड्यांचं वेड लागलंच असेल तर गणिती द. रा. कापरेकरांबद्दलही सांगा, त्यांचं माध्यमिक शिक्षण आपल्या ठाण्यातच झालं.

घणसोली_क्लास:
खूप खूप आभार! फर्माचं प्रमेय आठवीला जड जाईल, त्यामुळे आधी २०४७ देते आणि २२ च्या पटींनी शोधायला लावते. ८ च्या बाकीचं कारण जरा सोप्या शब्दांत सांगाल का कोणी?

ठाणे_वाशी_लोकल:
२^३१ ची बाकी १, म्हणून २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे क ने भागताना २ ही कशाच्या तरी वर्गाची बाकी ठरते, आणि हे ८ ने भागून १ किंवा ७ उरणाऱ्या मूळ संख्यांनाच जमतं. ७ घेऊन करून दाखवा, ३ चा वर्ग ९, बाकी २. ५ घेतलं तर कुठल्याच वर्गाची बाकी २ येत नाही.