चार्जर लावला की टच उड्या का मारतो? टचस्क्रीनला बोटाची जागा कळते तरी कशी?

प्रश्न :
काचेखाली आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी असते, इथवर माहीत आहे. पण त्या पट्ट्या चार-पाच मिमी अंतरावर असतात. मग अर्ध्या मिमीचा फरक कसा ओळखला जातो? आणि काही चार्जर लावले की टच भलतीकडेच लागतो, काढले की लगेच सुरळीत. यात दोष पडद्याचा की चार्जरचा?

प्रतिसाद १ :
जाळी इंडियम टिन ऑक्साइडच्या पारदर्शक थराची असते. एका दिशेच्या पट्ट्यांवर कंट्रोलर (टच मोजणारी चिप) साधारण १०० ते ५०० किलोहर्ट्झचे पल्स सोडतो आणि दुसऱ्या दिशेच्या पट्ट्यांवर त्यातलं किती पोचलं ते मोजतो. बोट जवळ आलं की विद्युतक्षेत्राचा काही भाग बोटाकडे वळतो आणि पट्ट्यांच्या त्या छेदावरचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) घटतो. ही घट पिकोफॅरडच्या (कपॅसिटन्सचं अगदी छोटं एकक) काही दशांशांइतकी, कित्येकदा त्याहूनही कमी असते.

आता अचूकपणाचं. बोटाचा ठसा ८-१० मिमी रुंद असतो, म्हणजे दोन-तीन पट्ट्यांवर एकदम परिणाम होतो. समजा ०, ५ आणि १० मिमीवरच्या पट्ट्यांवर घट अनुक्रमे २०, ८० आणि ६० आली. भारित सरासरी काढा : (२०×० + ८०×५ + ६०×१०) ÷ १६० = ६.२५ मिमी. झालं! पट्ट्यांमधलं अंतर किती यापेक्षा मोजमापातला नॉइज (नको असलेले विद्युत चढउतार) किती कमी आहे यावर सगळं ठरतं. साध्या बारीक टोकाचा स्टायलस चालत नाही तो याचमुळे; सिग्नल अगदी क्षीण आणि सरासरी काढायला शेजारच्या पट्ट्यांवर काही उमटतच नाही.

लॅपटॉपच्या टचपॅडचं तत्त्व हेच. तिथे पारदर्शकपणा नको असतो, म्हणून पीसीबीवरचं (सर्किट बोर्डवरचं) तांबं पुरतं.

प्रतिसाद २ :
दोष बहुतेक वेळा चार्जरचाच. चार्जरमधल्या ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेटोळ्यांमधल्या कपॅसिटन्समधून स्विचिंगचा (वीज झपाट्याने चालू-बंद करण्याचा) नॉइज आउटपुटच्या दोन्ही तारांवर एकदम येतो. त्याला परतीची वाट द्यायला वाय-कपॅसिटर नावाचा छोटा भाग असतो. स्वस्त चार्जरमध्ये तो गाळलेला किंवा निकृष्ट असतो. मग अख्खा फोनच जमिनीच्या तुलनेत वरखाली होत राहतो. तुम्ही बोट टेकलंत की तो नॉइज बोटावाटे थेट मोजणाऱ्या पट्टीत शिरतो. म्हणून हा त्रास स्पर्श करतानाच होतो आणि खोटे टच बोटाच्याच रेषेत उमटतात. कंट्रोलर आपल्या पल्सची वारंवारता बदलून हा नॉइज टाळायला बघतो, पण लोडप्रमाणे चार्जरचीही वारंवारता सरकते.

तपासायला अँड्रॉइडमध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा, बोटाचा माग पडद्यावर दाखवणारं 'पॉइंटर लोकेशन' चालू करा आणि सावकाश तिरक्या रेघा ओढा. आधी चार्जरवर, मग पॉवर बँकेवर. पॉवर बँकेवर रेघ स्वच्छ आली तर पडदा ठीक आहे.

प्रश्नकर्ता :
आभार, रेघांची युक्ती फारच उपयोगी. पाण्याच्या थेंबांनीही असंच होतं का?

प्रतिसाद ३ :
नाही, ते प्रकरण निराळं. सुटा थेंब जमिनीशी जोडलेला नसतो, तो दोन पट्ट्यांमध्ये पूल बनतो आणि कपॅसिटन्स वाढवतो, म्हणजे बोटाच्या नेमकं उलट. खरी गडबड पुसल्यावर होते. कंट्रोलर 'स्पर्श नसतानाची' बेसलाइन हळूहळू सुधारत असतो. थेंबासकट बेसलाइन घेतली गेली, तर पुसल्यावर तिथे घट दिसते आणि तीच बोट समजली जाते. काच कोरडी करून स्क्रीन बंद-चालू केली की बेसलाइन बहुधा नव्याने घेतली जाते. तो पाच सेकंदांचा उपाय आधी करून बघा.

स्क्रीन गार्डकडेही लक्ष द्या. गार्डची जाडी फारशी नडत नाही, खालची हवा नडते. काचेचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थातून विद्युतक्षेत्र किती सहज जातं त्याचं माप) सुमारे ७ आणि हवेचा १, त्यामुळे ०.१ मिमी हवेची फट ०.७ मिमी जादा काचेइतकी भारी पडते. कडेला गार्ड सुटलं असेल तर तिथलाच टच मंदावतो.

हे सगळं करूनही रेघ दरवेळी एकाच उभ्या किंवा आडव्या जागी तुटत असेल, तर ती पट्टी तरी गेली आहे किंवा फ्लेक्स केबलचा (पडदा बोर्डाला जोडणाऱ्या चपट्या केबलचा) कनेक्टर सैल आहे. आधी कनेक्टर काढून नीट बसवून घ्या, मगच डिस्प्ले बदलायचा विचार करा.